शिमोन मास्तर जिन्याने येतात

शिमोन मास्तरांना मासे चालत नाहीत. एक तुकडा पोटात गेला तरी अंगभर गांधी उठतात. आणि आमच्या अकराव्या मजल्यावर कोळणीची सगळ्यात जास्त वाट कोण बघतं? तर हेच! आता काय बोलायचं या माणसाला?

मास्तर मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. शाळेत गाणं शिकवायचे. नायगावच्या चाळीत आमची खोली त्यांच्या खोलीला लागून. दारात कोणीही येवो, पोस्टमन, भंगारवाला, वर्गणीवाली पोरं, मास्तर खुर्चीतून उठून उभे राहणार आणि "सलाम!" म्हणणार. गुडघे कुरकुरायचे, उठेपर्यंत भंगारवाला खालच्या मजल्यावर पोचलेला असायचा. त्यांची बायको मेरीबाई वैतागायची, "अहो, बसल्या बसल्या म्हणा की!"

"देवाने आपल्यासारखं घडवलेलं माणूस दारात आलंय, मेरी. बसून कसा राहू?"

चाळ पडली, टॉवर उभा राहिला. मेरीबाईंनी तो बघितलाच नाही, आधीच गेल्या बिचाऱ्या. आणि टॉवरमध्ये आल्यावर आमच्या लोकांच्या कानात वारं शिरल्यासारखं झालं. कालपर्यंत सामायिक नळावर भांडणारे आम्ही, लगेच नोटीस लावली: मासळीची पाटी घेऊन लिफ्ट वापरू नये. सही सेक्रेटरी तावड्यांची. बांगड्याशिवाय ज्यांच्या घशाखाली भात उतरत नाही, ते तावडे! सामानाची वेगळी लिफ्ट आहे म्हणे. आहे ना. पूजा झाली त्या दिवशी चालली, ती शेवटची.

तेव्हा वरळी कोळीवाड्यातून येणारी हिरामावशी डोक्यावर पाटी घेऊन जिना चढायला लागली. हे कळलं मात्र, मास्तरांनीही लिफ्ट सोडली.

मीटिंगमध्ये ते उभे राहिले. "तावडे, माझं नाव ज्याच्यावरून ठेवलंय ना, तो मासे पकडायचा. येशूचे पहिले सोबती कोळीच. ते आले असते तर त्यांनाही जिना दाखवला असतात?"

"मास्तर, त्यांचं वेगळं. इथे लिफ्टला वास येतो हो!"

"वास तुमच्या ताटातल्या बांगड्यालाही येतो. त्याला कधी जिन्याने पाठवलात?"

सगळे हसले, पण नोटीस हलली नाही.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. सकाळी मास्तर खाली जाऊन मावशीची वाट बघायचे आणि तिच्याबरोबर वर चढायचे. तिच्या हातातला कोयता आणि तराजू यांच्या हातात. मी कितीदा ओरडले, "मास्तर, गुडघ्यांचं काय करून ठेवलंय!" तर म्हणे, "सुनंदाताई, माझे गुडघे आणि तिची मान, दोन्ही हाडंच आहेत."

एके दिवशी सातव्या मजल्यावर त्यांना घेरी आली. मावशी घाबरली, पाणी कुठून आणणार? तिने पाटीतला बर्फ घेतला आणि सरळ त्यांच्या तोंडावर चोळला. आरडाओरडा ऐकून मी धावले, तावडेही लुंगीवर धावत आले. "लिफ्टमध्ये घाला त्यांना, आधी लिफ्टमध्ये घाला!" तेच ओरडले. मावशीच्या मांडीवर मास्तरांचं डोकं, शेजारी पाटी, अशी वरात वर निघाली. मास्तरांनी डोळे उघडले. गालावर पापलेटाचं खवलं.

"तावडे, पाटी लिफ्टमध्ये आहे. मला उतरवा."

"मास्तर, खड्ड्यात गेली ती नोटीस! गप पडून राहा!" तावड्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतः नोटीस फाडली.

दुसऱ्या आठवड्यात मी शिरा घेऊन मास्तरांकडे गेले. म्हटलं, जिंकलेत, तोंड गोड करा. पण माणूस खिडकीशी तोंड पाडून बसलेला.

"काय झालं? मावशीला न्याय मिळाला ना?"

"मिळाला हो. देवाची कृपा." मग म्हणाले, "आता झर्रकन वर येते, झर्रकन जाते. मी मासे घेत नाही, मग माझ्या दाराशी थांबेल कशाला? जिन्यात दर मजल्यावर बसायचो आम्ही. तिच्या सुनेचं ऐकायचं, मेरीचं सांगायचं. मेरी गेल्यापासून एवढं कोणाशी बोललोच नव्हतो. इथे सगळ्यांची दारं बंद, ताई."

 शिरा तिथेच ठेवून मी निघाले. खाली मावशी भेटली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती नुसतं "येडा माणूस" म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

आज सकाळी मी लिफ्ट बोलावली. दार उघडलं तर आत नुसती पाटी, वर ओला फडका टाकलेला. माणूस नाही. मी घाबरून जिन्यात डोकावले. खाली, दहाव्या मजल्याच्या पायरीवर मास्तर आणि हिरामावशी बसले होते.

"मग? मेरीबाय काय बोलली पुढं?" मावशी विचारत होती.