समुद्राला एकच स्टार

समुद्राला आजही एकच स्टार मिळाला होता.

एकनाथरावांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला, चष्मा बनियनला पुसून पुन्हा बघितला. व्यर्थ! सूर्यलंकेचा किनारा, सकाळचे सहा. लाटा अर्धा फूट. वारा नावापुरता. आकाश निरभ्र. एकूण स्थिती : अगदी निकृष्ट. पुढचे सात दिवस : सुधारणेची शक्यता नाही. हैदराबादेच्या चिक्कडपल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपासून आंध्रातला हा समुद्र सातआठ तासांवर होता. पण घरातल्या आजारी माणसाचा ताप बघावा तसे एकनाथराव रोज उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, त्याची चौकशी करत.

"काय म्हणतोय?" आतून तारामतीबाईंनी विचारलं.

"आज पण नाही."

"म्हणजे दादा अजून झाडावरच?"

"झाडावरच," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी असा काही सुस्कारा टाकला की समोरच्या तारेवरचा कावळा उडाला.

आता हे दादा झाडावर काय करत होते ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. एकनाथरावांचे थोरले भाऊ नामदेवराव तीन आठवड्यांपूर्वी वारले होते. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून लाल फडक्यात बांधलेलं मडकं अपार्टमेंटच्या आवारातल्या बदामाच्या झाडाला टांगलं होतं. नामदेवराव राहायचे अंबरपेठेत, दोन खोल्यांत. तिथे दारात कुंडीतली तुळस तेवढी होती, आणि तुळशीला काय टांगणार? मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, त्रिवेणी, दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तेव्हा अग्नी धाकट्या भावानं दिला, दहावं-तेरावं त्यानंच केलं, आणि अस्थी कधी न्यायच्या हेही आता तोच ठरवणार होता. घोळ झाला तो इथेच.

जाण्याआधी दोन दिवस नामदेवराव म्हणाले होते, "गोदावरीत नको रे एकनाथ. समुद्रात सोड मला. बघितला नाही कधी."

ते वाक्य एकनाथरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. वडील गेले तेव्हा नामदेवराव कॉलेज सोडून वीज खात्यात कारकून झाले, म्हणून एकनाथ बी.कॉम. झाला. धाकटा भाऊ अधिकारी झाल्यावर थोरला त्याचे जुने शर्ट वापरू लागला, तेही कॉलर उलटवून. सगळे मिळून एकदा विशाखापट्टणमला गेले, तर एकनाथरावांच्या पोराला ताप भरला आणि दादा म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी बसतो याच्यापाशी." समुद्र दहा मिनिटांवर होता. संध्याकाळी एकनाथरावांनीच लॉजवर येऊन समुद्र कसा असतो ते हातवारे करून भावाला सांगितलं, आणि दादांनी ते इतकं मन लावून ऐकलं की आज आठवलं तरी एकनाथरावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

"आयुष्यभर दादाला उरलंसुरलं मिळालं," तेराव्याला सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "निदान समुद्र तरी एक नंबरचा देणार मी त्याला. पाच स्टारचा!"

स्टारचं हे खूळ असंच आलं नव्हतं. एकनाथरावांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल सांभाळण्यात गेली होती. कुणाला 'उत्कृष्ट', कुणाला 'बरा', कुणाला 'सुधारणेस वाव'. माणूस दाराशी उभा असला तरी आधी त्याची श्रेणी बघायची आणि मग त्याला बसायला सांगायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे समुद्राचा अंदाज देणारं ॲप शेजारच्या कुणी तरी मोबाईलवर घालून दिलं आणि त्यात स्टार दिसले, तेव्हा एकनाथरावांना घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्रिवेणीनं एकदा तोंड उघडून बघितलं होतं. "काका, पण ते स्टार कुणासाठी असतात म्हाईत आहे का? ते ॲप म्हणजे..."

"त्रिवेणी! बत्तीस वर्षं मी लोकांच्या श्रेण्या बघितल्या. एक म्हणजे एक आणि पाच म्हणजे पाच. त्यात काय समजायचंय?"

त्रिवेणीनं आईकडे बघितलं. इंदुमतीवहिनींनी डोळ्यांनीच 'राहू दे' म्हटलं. दिरापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि ऐकून घ्यायची दिराला नव्हती.

दिवस जाऊ लागले. वैशाखाचं ऊन, समुद्र निपचित. एक स्टार. एक स्टार. एका मंगळवारी दीड झाला तेव्हा एकनाथराव बॅग भरायला धावले, पण दुपारी तो पुन्हा एकावर आला. मडकं लोंबकळत राहिलं. आधी मुलांनी झाडाखालचं क्रिकेट बंद केलं. मग तिथे गाड्या लावणाऱ्यांनी गाड्या हलवल्या आणि गेटसमोर लावल्या. गेट अडलं म्हणून पाण्याचा टँकर परत गेला. मे महिन्यात, हैदराबादेत, टँकर परत! सोसायटीचे सेक्रेटरी वेंकटरमणा घाम पुसत वर आले.

"सार, बुरा मत मानो. कब का प्रोग्राम है?"

"समुंदर ठीक नै है अभी," एकनाथराव गंभीरपणे म्हणाले.

"क्या हुआ समुंदर को?"

"एकीच स्टार है. देखो."

वेंकटरमणांनी मोबाईल बघितला. भला माणूस, त्यालाही ते पटलं. "एक स्टार में तो हम बिर्याणी भी नै मंगाते सार," तो हळहळून म्हणाला. तडजोड म्हणून मडकं गच्चीवर गेलं आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीला टांगलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून बारा बिऱ्हाडांनी टाकीचं पाणी प्यायचं सोडलं आणि कॅन मागवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सभा भरली. सभेत हैदराबादेतल्या बावीस शहाण्या माणसांनी बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यावर सव्वा तास चर्चा केली. चौथ्या दिवशी वॉचमन यादय्यानं मडकं खाली आणून फाटकाबाहेरच्या कडुलिंबाला, इस्त्रीवाल्याच्या गाडीच्या बरोबर वर टांगलं.

"मेरा धंदा डूब गया साब," इस्त्रीवाला आठवड्यानं रडकुंडीला आला. "कपडेच नै दे रें लोगां."

पण आता सगळी बिल्डिंग समुद्राच्या नादी लागली होती. सकाळी दूध घ्यायला उतरलेली माणसं एकमेकांना नमस्कार न करता "आज कितना?" असं विचारत. ज्यांनी जन्मात हुसेनसागराच्या पलीकडे पाणी बघितलं नव्हतं ते लाटांच्या उंचीवर आणि वाऱ्याच्या दिशेवर तावातावानं बोलत. फक्त इंदुमतीवहिनी काही विचारत नसत. त्या रोज सकाळी अंबरपेठेहून बसनं येत, कडुलिंबाखाली दोन मिनिटं हात जोडून उभ्या राहत आणि तशाच परत जात. त्यांना बघितलं की एकनाथराव गॅलरीतून धावत खाली येत.

"वहिनी, अजून थोडं. दादाला मी असल्या भिकार समुद्रात नाही सोडणार."

"बघा तुम्हाला जसं वाटेल तसं, भावजी," वहिनी म्हणत.

पुढे पुढे तर त्यांचं रोजचं येणंही बंद झालं. गुडघे दुखतात म्हणाल्या. एकनाथरावांना ते लागलं. वहिनी रुसल्या, आपल्यावर त्यांचा विश्वास उरला नाही, या विचारानं त्यांचं जेवण कमी झालं आणि तारामतीबाईंवर ओरडणं वाढलं.

आणि मग एका बुधवारी सकाळी गॅलरीतून अशी आरोळी उठली की यादय्या काठी घेऊन जिन्यापर्यंत आला.

"पाच! अगं पाच! शुक्रवारी पाच स्टार!"

लाटा : बारा फूट. एकूण स्थिती : अत्युत्कृष्ट. असा शेरा एकनाथरावांनी सगळ्या नोकरीत दोनच अधिकाऱ्यांना मिळालेला बघितला होता, आणि त्यातला एक मंत्र्याचा मेव्हणा होता. बिल्डिंगीत पेढे वाटायचे तेवढे राहिले. त्रिवेणीचा लगेच फोन आला.

"काका, टीव्ही बघितला का? समुद्रात वादळ उठलंय. मच्छीमारांना जाऊ नका म्हणून सांगितलंय."

"टीव्हीवाले रोजच बोंबलतात. गाडी सांगितली मी. पहाटे निघायचं. तुझ्या आईला विचार, येणार ना?"

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग फोनवर वहिनीच आल्या. "भावजी, जायलाच हवं का?"

"म्हणजे काय वहिनी! ह्याच्यासाठी तर थांबलो."

"मग येतो आम्ही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला कसं पाठवू?"

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला गाडी किनाऱ्याशी पोचली तेव्हा दिवसा दिवे लावावेत असा अंधार दाटला होता. मक्याच्या कणसांच्या गाड्या उलट्या करून बांधून ठेवलेल्या. किनाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर लावलेला. आणि दोरापलीकडे समुद्र! तो काय वर्णावा? भिंतीच्या भिंती उठत होत्या आणि कोसळत होत्या, आणि त्यांच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकनाथरावांनी मडकं पोटाशी घट्ट धरलं.

दोराशी रेनकोट घातलेला एक पोलीस दोन उघड्याबंब तरुणांशी भांडत होता. तरुणांच्या काखेत लांबलचक फळ्या होत्या, आणि चेहऱ्यावर दिवाळी होती.

"बेटा, ये समुंदर को पाच स्टार किसने दिया?" एकनाथरावांनी ओरडून विचारलं.

"हमारे वास्ते दिया अंकल!" त्यातला एक आनंदानं ओरडला. "लहरों पे खेलने वालों का ॲप है वो! महिनाभर से पूरा सपाट था, जैसे थाली में पानी. छोटे बच्चे घुटने तक जा के बैठरें थे. हम लोगां बोर हो गए. आज देखो, क्या मस्त है!"

एकनाथरावांनी त्रिवेणीकडे बघितलं. त्रिवेणी वाळूकडे बघत होती. महिनाभर! ताटातल्या पाण्यासारखा समुद्र महिनाभर हात पसरून बसला होता, आणि त्यांनी त्याला रोज सकाळी सहा वाजता नापास केलं होतं. त्यांना रडू फुटलं. पण रडून परत फिरणारे ते एकनाथराव कसले? परत जायचं म्हणजे पुन्हा कडुलिंब, पुन्हा इस्त्रीवाला आणि पुन्हा वहिनींचं ते न बोलणं.

"दादा, आता तुला माघारी नेणार नाही," असं म्हणून चौसष्ट वर्षांचा तो माणूस दोराखालून सरकला आणि मडकं डोक्यावर धरून पाण्यात शिरला.

"वेनक्की रंडी! वेनक्की रंडी!" पोलीस शिट्टी फुंकत, तेलुगूत मागे फिरा म्हणून ओरडत धावला. पहिली लाट गुडघ्यावर आली, चप्पल गेली. दुसरी छातीवर आली, चष्मा गेला. एकनाथरावांना आता काहीच दिसत नव्हतं, तरी पावलं पुढेच पडत होती.

आणि जन्मात दिरापुढे आवाज न चढवलेल्या इंदुमतीवहिनी पदर खोचून दोरापर्यंत धावल्या आणि बेंबीच्या देठापासून किंचाळल्या,

"भावजी, मागं फिरा! त्यात हे नाहीत!"

एकनाथराव थांबले. तेवढ्यात पोलिसानं त्यांचं बखोट धरलं आणि दोघंही लाटेबरोबर गडगडत वाळूवर आले. मडकं मात्र हातातून सुटलं नव्हतं. पोलीस तेलुगूत त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

"हे नाहीत म्हणजे?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "मग ह्यात काय आहे?"

"इस्त्रीवाल्याकडची राख," त्रिवेणी हळूच म्हणाली. "आणि जळक्या करवंट्यांचे तुकडे. काका, रागावू नका. यादय्यानं मडकं उतरवून दिलं. आम्ही स्टीलच्या डब्यात..."

"कधी?"

"दहा दिवस झाले," वहिनी म्हणाल्या. "रात्रीच्या गाडीनं आलो मायलेकी. सांगणार नव्हते तुम्हाला. तुमचा एवढा जीव त्यात, म्हटलं तुमच्या हातानं तुम्हीपण सोडून घ्या, मन तरी मोकळं होईल. तुम्ही असे आत शिराल हे काय म्हाईत?"

एकनाथराव वाळूत बसले होते. नाकातोंडातून खारं पाणी येत होतं. त्यात डोळ्यांचं किती होतं कुणास ठाऊक. मग लहान पोरासारखं त्यांनी विचारलं,

"कसा होता समुद्र?"

वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. "घोट्याएवढं पाणी होतं. कोवळं ऊन. आवाज म्हणाल तर नाहीच. सोडलं त्यांना, तर जाईनातच. माझ्या पायापाशीच घुटमळत राहिले. त्रिवेणीला म्हटलं, बघू दे गं, पहिल्यांदाच बघतायत. मग आपले आपणच गेले, सावकाश."

एकनाथराव हुंदके देऊ लागले. आपण दिलेला अग्नी, आपण केलेलं तेरावं, आणि नेमके तेवढ्यालाच आपण नव्हतो.

"माझ्यासाठी थोडं थांबवायचं होतं ना त्याला, वहिनी."

इंदुमतीवहिनींनी पदराचं पाणी पिळलं, आणि त्याच पदरानं दिराच्या तोंडावरची वाळू पुसली.

"सगळा जन्म तेच केलं की त्यांनी, भावजी," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, आता तुम्ही निघा."