बिरू हवालदारांचा ‘बा’

आमच्या पलूसमध्ये कुणी परमुलखातला माणूस आला, की बिरू हवालदार त्याला पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात. “तुमच्यात ‘बा’ म्हंजी काय?”

रस्ता विचारायला थांबलेला ट्रकवाला असो, नाहीतर फरशी बसवायला आलेले बिहारी असोत, सुटका नाही. हवालदार मूळचे वडूजकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. जवानी फौजेत गेली. पेन्शनीत आल्यावर बायकोच्या माहेरी, पलूसला घर बांधलं. ते घर माझ्या भिंतीला लागून आणि मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. म्हणजे मी दोन्हीकडून सापडलेला.

हे वेड फौजेतलं, असं ते सांगायचे. “भरती झालो तवा शेजारच्या खाटंवर विजापूरचा गडी. सकाळ-सांज मला ‘बा, बा’ करायचा. मी म्हणलं, गड्या, तुझ्याच वयाचा हाय, तुझा बा कसा असंन? तिसऱ्या दिशी कॉलर धरली. मग कळलं, कानडीत ‘बा’ म्हंजी ‘ये’. बिचारा जेवायला बोलवत हुता रं!”

प्लायवूडवाल्या गुजराती शेठनी ‘बा म्हणजे आई’ असं सांगितलं, तेव्हा हवालदार दोन दिवस अस्वस्थ होते. “आपला बा तिकडं बाई झाला की, लायब्री!” (लायब्री म्हणजे मी.) फरशीवाल्या बिहाऱ्याचं उत्तर मात्र त्यांना फार आवडलं. त्याच्या बोलीत ‘बा’ म्हणजे ‘आहे’. बंगालीत ‘किंवा’, फारसीत ‘सह’. चिनी भाषेतला ‘आठ’ तर ते सरहद्दीवरून घेऊन आले होते. “दुश्मनाचा असला म्हणून काय झालं? शब्द हाय त्यो.”

दर गुरुवारी ते वाचनालयात माझ्या टेबलासमोर ताठ उभे राहत आणि म्हणत, “लायब्री, रिपोट!” मग मी आठवड्यात जे काही सापडलं असेल ते वाचून दाखवायचं.

अशाच एका गुरुवारी मला भाषाशास्त्राच्या जाड पुस्तकात घबाड मिळालं. हवालदार खूश होतील, या भरात मी सांगून टाकलं, “आबा, मूळच सापडलं! तान्ह्या पोराचे ओठ मिटतात, उघडतात आणि ‘बा’ आपोआप निघतं. त्याला अर्थबिर्थ काही नसतो. आईबाप आपापल्या परीनं अर्थ चिकटवतात. म्हणून तर प्रत्येक भाषेत निराळा!”

हवालदार हसले नाहीत. “म्हंजी बोलणाऱ्याच्या मनात कायबी नसतं?”

“काहीच नाही.”

“बुकात तसं लिवलंय?”

“स्पष्ट लिहिलंय.”

त्यांनी टोपी सारखी केली आणि गेले. पुढचा गुरुवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. एकदा कर्नाटकातला ट्रॅक्टरवाला कारखान्याचा रस्ता विचारत आला, तर ओट्यावर बसलेल्या हवालदारांनी नुसतं बोट दाखवलं. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि त्यांच्या घरी गेलो.

परसात हौसामावशी, म्हणजे हवालदारांची बायको, ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुमी ह्यास्नी काय वाचून दावलं?”

मी सांगितलं. सूप थांबलं.

“आमाला ल्योक हुता. सिदू. जन्मापास्नं अधू. नऊ वर्सं जगला आन् जन्मात एकच शब्द बोलला, ‘बा’. हे रजेवर आलं की ह्यांच्या तोंडाकडं बगून ‘बा, बा’ करायचा. ह्यास्नी वाटायचं, पाणी मागतोय. पाणी दिलं की ढकलून द्यायचा. भाकरी दिली तरी तसंच. पोरगं काय म्हणतंय ह्ये ह्यास्नी कळलंच न्हाई. त्यो गेला तवा हे आसामात. घरला येईपत्तुर माती झाली हुती.”

मी विचारलं, “मावशी, तुम्हाला कळायचं?”

“न कळायला काय झालं? वडूजकडं आमचं घर रस्त्याला हुतं. दुपारच्या एसटीचा आवाज आला की सिदू सरपटत उंबऱ्यापत्तुर जायचा. माणसं उतरायची, आपापल्या घरला जायची. ह्यो ‘बा, बा’ करत बसायचा. गाडी गेली तरी बसायचा. रोज.”

“मग आबांना सांगितलं का नाही?”

“त्येंनी समद्या मुलखाला इचारलं. मला कवा इचारलं न्हाई.” त्या सुपातला एकेक खडा वेचू लागल्या. “आन् सांगू कसं? पोरगं रोज तुमची वाट बगत हुतं म्हणून सांगितलं, तर हे जगत्याल व्हय?”

मी आत गेलो. हवालदार भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते.

“आबा, माझी चूक झाली. ते एका माणसाचं मत होतं. दुसऱ्या पुस्तकात निराळं लिहिलंय. पोराच्या मनात असतं म्हणे काहीतरी.”

असं दुसरं पुस्तक नव्हतं. हवालदार सावकाश माझ्याकडे वळले.

“काय असतं?”

“ते अजून कुणाला कळलेलं नाही. शोध चालू आहे.”

ते उठून बसले, पायानं चपला चाचपू लागले. “उडिया ऱ्हायलंय की,” ते म्हणाले. “आन् ते नागा लोकांचं. एकएका डोंगराला एकएक भाषा हाय तितं.”

“लय हायत, आबा,” मी म्हणालो.

मावशी चहा घेऊन आल्या. दोघांपुढं कप ठेवले, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता परसात निघून गेल्या.