पोपटी बाहीचं कोपर

आमच्या दूध डेअरीत फोटो निघणार म्हटलं की सानप मॅडम धावत सुटतात. धावत म्हणजे अक्षरशः धावत. पन्नाशी ओलांडलेली बाई, एका हातात निऱ्या धरून, दोन संचालकांच्या मधून घुसते आणि चेअरमनच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी इतकी दचकले, की माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला.

मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख. आसपासच्या गावांचं दूध कोल्हारला आमच्या डेअरीत येतं, त्याची फॅट तपासायची हे आमचं काम. मी त्यांच्या हाताखाली. घरून मला शिकवण एकच, खाली मान घालून काम करायचं. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मान खाली घातली की लोक वरून निघून जात्यात, मनीषे. जे दिसत न्हाई, ते केलंच न्हाई आसं धरत्यात. ध्यानात ठिव."

दिसण्यासाठी त्यांची तयारी जंगी. कार्यक्रमाला साडी कायम पोपटी. का, तर "निम्मी कापली गेले तरी वळखू यायला पायजे." मीटिंगला पाच मिनिटं आधी जाऊन चेअरमनशेजारची खुर्ची धरायची. एकदा मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, जरा चहाचं बघता का?"

"बघते की," मॅडम म्हणाल्या, "तवर तुमी फॅट काढा." आणि लॅबची किल्ली त्यांच्यापुढे ठेवून खरंच चहाला गेल्या. बाहेर सतरा कॅन ताटकळत होते. साहेब किल्लीकडे बघत बसले आणि मी भिंतीकडे. पुन्हा चहाचं त्यांना कुणी विचारलं नाही.

"किती मिरवायचं माणसानं!" असं मी घरी म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

मग उन्हाळ्यात दूध नासायला लागलं. टेम्पो निघायचा तो गावोगावचं दूध घेत घेत लांब जायचा आणि मग परत फिरायचा. म्हणजे पहिल्याच गावाचं दूध सगळी फेरी उन्हात हिंडायचं. मी कागदावर लिहून मॅनेजरसाहेबांना दिलं, की टेम्पो जाताना रिकामा जाऊ दे, येताना भरत येऊ दे. आठवड्यात नासणं थांबलं. जिल्ह्याहून अधिकारी सत्काराला येणार असं ठरलं. सत्कार कुणाचा? तर मॅनेजरसाहेबांचा!

मी हादरलेच. लॅबच्या मोरीपाशी नळ सोडून रडून घेतलं, ऐकू जाऊ नये म्हणून. मॅडमनी येऊन नळ बंद केला.

"पानी वाया घालू नको. उद्या साडी कंची नेसनार?"

मी राखाडी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

कार्यक्रमात अधिकाऱ्यांनी शाल उलगडली. मॅनेजरसाहेबांनी मान पुढे केली. तेवढ्यात समोरून पोपटी रंग धावला. मला वाटलं, झालं, आता शालसुद्धा या बाईच घेणार! पण मॅडमनी माझं मनगट धरलं, मला ओढत स्टेजवर नेलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, "साहेब, फेरी उलटी फिरवायचं हिनं सांगितलं. मनीषा तांबे. ही तिच्या कागदाची झेरॉक्स, खाली तिची सही हाय." ती त्यांनी कधी काढून ठेवली होती, देव जाणे.

मॅनेजरसाहेबांची मान अजून पुढेच होती. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि शाल माझ्या खांद्यावर घातली. मॅडमनी मला मधोमध ढकललं आणि स्वतः बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये मी, तोंडाचा आ वासलेला. मॅडम? कडेला नुसतं पोपटी बाहीचं एक कोपर.

मला फार वाईट वाटलं. पेपर घेऊन त्यांच्या घरी गेले, तर त्या कात्री घेऊन बसलेल्याच होत्या. पुढ्यात जुना अल्बम. पहिल्या पानावर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता, नवरा-नवरी, पाहुणेरावळे. कडेला एक कोपर आणि त्याखाली हिरव्या बांगड्या.

"ही मपली आई," मॅडम कोपरावर बोट ठेवून म्हणाल्या. "आमी पाथर्डीकडचे. दर साल ऊसतोडीला जायची ती. मुकादमाच्या पोरीच्या ह्या लग्नात सगळा सैपाक तिनं केल्ता. फोटोला बलावलं तर म्हनली, माझं काय काम तिथं, आन् सरकली बाजूला. दुसरा फोटोच न्हाई तिचा. आता त्वांड आठवाया जाते, तर नीट आठवत न्हाई."

घरी काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली.

मॅडमनी बातमीचा फोटो कापला आणि त्याच पानावर चिकटवला, आईच्या कोपराला कोपर लावून. मग पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "आन् तू गं! फुडच्या टायमाला त्वांड मिटून हुभी ऱ्हा!"