भूमिपुत्राचा पासपोर्ट

फिजीतल्या लौटोका शहरात घर घ्यायचं ठरल्यापासून एरोनीचे पाय जमिनीला लागत नव्हते. सिडनीत अठ्ठावीस वर्षं एका गोदामाची राखण करून तो निवृत्त झाला आणि फिजीला असा परतला, जणू सारं बेट त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. घर पाहिलं त्यानेच, पसंतही त्यानेच केलं, गृहप्रवेशाच्या मेजवानीसाठी डुकरंसुद्धा सांगून ठेवली. बायकोला, उनाईसीला, विचारायचं तेवढं राहून गेलं. ते नेहमीच राहायचं.

वकील रामेंद्रच्या कचेरीत न्यूझीलंडचा एक गोरा आपले कागद गोळा करत होता. शहराच्या हद्दीत परक्या नागरिकाला राहतं घर विकत घेता येत नाही, हे ऐकून त्याचा चेहरा पडला होता.

“बरं झालं,” एरोनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ज्याची नाळ इथे पुरलीय, त्यानेच इथे घर करावं. नाहीतर उद्या हे लोक आमच्याच अंगणात आम्हाला तिकीट लावतील.”

गोरा निघून गेला. रामेंद्रने हात पुढे केला. “भाई, पासपोर्ट द्या.”

पासपोर्ट उघडून त्याने वरचं पान पुन्हा उलटून पाहिलं. “हा तर ऑस्ट्रेलियाचा.”

“मग? विमानतळावर मान देतात याला.”

“देत असतील. पण तुम्ही तो घेतलात तेव्हाच्या कायद्याने इथलं नागरिकत्व गेलं. आता तुम्ही आणि तो गोरा, दोघेही परदेशी.”

“अरे, माझी नाळ इथे पुरलीय.”

“नाळेचा दाखला मिळत नाही, भाई.”

शहराबाहेर जमीन घ्यावी, तर ठरल्या मुदतीत भलंमोठं घर बांधा, नाहीतर दंड भरा. पुन्हा नागरिक व्हावं, तर जन्मदाखला हवा. दाखला एरोनीच्या खिशातच होता, पण त्यावर कुण्या झोपाळू कारकुनाने ‘इरेनी, मुलगी’ असं लिहून ठेवलं होतं. ते दुरुस्त करायला त्याचा जन्म पाहिलेला माणूस आणायचा, आणि तसली माणसं केव्हाच मातीआड झालेली. इकडे घराच्या मालकाने शुक्रवारपर्यंतच थांबेन म्हणून बजावलेलं.

“म्हणजे मी परका, वर बाईमाणूस,” एरोनी पुटपुटला.

इतका वेळ पंख्याने वारा घेत बसलेल्या उनाईसीने पिशवीतून निळा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. तो फिजीचा होता. सिडनीत एरोनीने नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी तीही घेणार होती. पण त्याच्या कौतुकाला चाळीस माणसं जेवायला यायची होती आणि स्वयंपाक कुणीतरी करायला हवा होता. ‘अडाणी ती अडाणीच राहिली,’ असं तो पुढे सगळ्यांना सांगत फिरला होता.

“घर माझ्या एकटीच्या नावावर होईल ना?” तिने विचारलं.

“आजच कागद करतो, बहेन.”

सह्या झाल्या. एरोनी खिडकीबाहेर बघत बसला. रामेंद्रने विम्याचा अर्ज पुढे ओढला. “मालकिणीखेरीज घरात राहणारं कोण?”

उनाईसीने नवऱ्याकडे सावकाश पाहून घेतलं. “पाहुणा लिहा.”

“किती दिवसांचा?”

“ती जागा मोकळी ठेवा,” ती म्हणाली. “कसा वागतो ते बघू.”