कढई नंबर तीनचा नमुना

साबणाच्या कारखान्यातल्या तपासनीसांना सगळे नाकसाहेब म्हणत. वडीचा नुसता वास घेऊन तेल कमी की जास्त, हे ते सांगत, आणि बावीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. अशा माणसाने शनिवारी संध्याकाळी पेलाभर ऑलिव्ह तेलात चार लिंबं पिळली आणि वर जुलाबाचं मीठ घातलं.

"कशाला हे नसते उद्योग?" बायको म्हणाली. "लिव्हर म्हणजे काय गच्चीवरची टाकी आहे, घासून काढायला?"

"घरगुती उपाय आहे. लिव्हरही साफ, जंतही साफ. मेव्हण्याच्या पोटातून वीस खडे पडले! तुझाच भाऊ ना तो?"

"म्हणून तर सांगतेय!"

नाकसाहेबांनी नाक दाबून पेला रिकामा केला. रविवारचं काय सांगावं! घरात संडास एक आणि माणसं चार. सासरे खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर ताटकळले. "जावईबापू, आत संसार थाटलात की काय?"

दुपारी एक वाजता दार उघडलं. जावईबापूंचा चेहरा पिवळाधमक, पण हातात बरणी, आणि बरणीत हिरवट, मऊ खडे. सदतीस!

"मेव्हण्यापेक्षा सतरा जास्त! उद्या कामावरून येताना डॉक्टरांना दाखवतो, मग बोल."

सोमवारी बरणी आपल्या टेबलावर ठेवून ते फेरीला गेले, आणि तिथेच घोळ झाला. बरणी मुळात कारखान्यातलीच, त्यांनीच कधीतरी घरी नेलेली. तिच्यावरची चिठ्ठी तशीच होती: 'कढई नंबर तीन'. प्रयोगशाळेतली नवी मुलगी कामाला वाघ. तिने नमुना समजून बरणी उचलली.

नाकसाहेब परतले तेव्हा मॅनेजर बेसिनपाशी उभे राहून तळहातावर एक हिरवा खडा चोळत होते. समोर कढई नंबर तीनमध्ये साबण शिजवणारे काका मान खाली घालून उभे होते. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"साबणच आहे सर, पण कच्चा," मुलगी अहवाल वाचत होती. "तेल बेसुमार. नापास."

"धड फेससुद्धा येत नाही!" मॅनेजर कडाडले. "काका, तीस वर्षं कढई सांभाळून हे? उद्यापासून घरी बसा!"

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "साहेब, शपथेवर सांगतो, हा माल माझा नाही हो."

"नाकसाहेब, तुम्हीच वास घेऊन सांगा, कोणाचा आहे ते!"

बरणी नाकाखाली आली. नाकसाहेबांनी घाईघाईने रुमाल लावला. खरं सांगावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते, गप्प बसावं तर काका जातात. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकांचा नाही," ते पुटपुटले. "माझा आहे."

"तुमचा? कोणत्या कढईत केलात?"

नाकसाहेबांनी हळूच पोटावर हात ठेवला. मग तेल, लिंबू, मेव्हणा, रविवार, सगळंच सांगून टाकलं. म्हणजे ते लिव्हरचे खडे नव्हतेच, प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. मॅनेजरांनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा आपल्या तळहाताकडे. त्यांनी नळ सोडला तो कितीतरी वेळ बंदच केला नाही.

मुलगी मात्र पेन सरसावून उभी होती. "सर, उत्पादकाच्या रकान्यात काय लिहू?"

नाकसाहेबांना तोंड लपवायला जागा उरली नव्हती. काकांनी डोळे पुसले आणि खुदकन हसले.

"लिही पोरी," ते म्हणाले, "घरगुती उद्योग."