मोरघारीचा वैरी

आमचे शेजारी तुळशीरामभाऊ अंगणात यायचे ते डोक्यावर जर्मनचं पातेलं पालथं घालून. घरामागच्या मोहाच्या झाडावर मोरघारीनं घरटं केलं होतं आणि पिल्लू झाल्यापासून ती माणसांवरही झडप घालायची. भाऊंच्या टकलावर तिनं एकदा नख्या उमटवल्याच होत्या.

मी तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आरमोरीजवळच्या त्या गावात मास्तर होतो. मोरघार हा गरुडाच्याच गोतातला पक्षी. पायावर थेट बोटांपर्यंत पिसं, आणि चिडला की डोक्यावरचा तुरा ताठ. कोंबडीचं पिल्लू गेलं की भाऊ पातेल्याखालून कडाडत, "कायद्यात बसते का हे? माह्या घरचं खाते अन् मलेच मारते!" हे भांडण अर्धा अर्धा तास चाले. मोरघार मान वाकडी करून सगळं ऐकून घेई.

शिमग्यानंतर भाऊंनी डोकं चालवलं. उरलेला गुलाबी रंग कोंबडीच्या सगळ्या पिलांना फासला. "आता वळखू नाई येनार तिले!" भुऱ्या मातीत गुलाबी पिलं! दुपारपर्यंत दोन गेली. गाव पोट धरून हसलं आणि भाऊ पेटले. "आता गोळीच!" म्हणत महागूच्या घरी गेले. महागूकडे पीक राखायला लायसनची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक होती.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर महागू आला. बार ठासला, कुडाला टेकून नेम धरला. मोहाची पानं झडलेली, घरटं उघडं. पिल्लाला ऊन लागू नये म्हणून मोरघार पंख पसरून उभी होती. मी म्हणालो, "राहू द्या ना भाऊ." त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"मारू का, भाऊ?"

"मार."

महागूचं बोट चापावर गेलं.

"थांब!"

"काऊन?"

"काई नाई. मार."

महागूनं पुन्हा डोळा मिटला. तेवढ्यात भाऊ तरातरा चालत नळीसमोर जाऊन उभे राहिले. महागूनं कशीबशी नळी वर उचलली आणि बार आभाळात उडाला. मोरघार उठली, मोहाभोवती घिरटी घालून दूर जंगलाकडे गेली.

"येड लागलं का भाऊ? मेले असते ना आत्ता!" महागू ओरडला. शिव्या देतच तो निघून गेला.

भाऊ ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. "पण भाऊ, मग कोंबड्यांचं काय करणार?"

"मी कुठी खातो कोंबडी, मास्तर? माह्या बुडीनं पाळल्या होत्या. ते गेली. पोरगी कोरपन्याले नांदून राह्यली." ते मोहाकडे बघत राहिले. "दिवसभर मी बोलतो कोनासंग, सांगा बरं?"

मोरघार अजून परतली नव्हती. भाऊंनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ऊन कलतं झालं तशी मोहाच्या शेंड्यावरून लांब, तीक्ष्ण शीळ आली.

भाऊ धडपडत उठले.

"आलो, आलो," ते म्हणाले.