कीबोर्ड, प्रस्तावना आणि धाडधाड

बोटं दुखतात, असं मी मुलीजवळ एकदाच बोललो. (तोंडाला कुलूप लावायला हवं होतं, पण ते वेळेवर सुचलं तर मी कसला?) तिने लगेच एक मेकॅनिकल कीबोर्ड आणून टेबलावर ठेवला.

"बाबा, ठोकायचं नाही. बटण अर्धं खाली गेलं की अक्षर उमटतं. बोट लगेच उचला."

अर्ध्यावर? दिवा बंद केल्यावरही बटण पुन्हा चाचपून पाहणाऱ्या माणसाने अर्ध्या दाबावर विश्वास ठेवायचा? मी हलकेच दाबायचो, शंका यायची, पुन्हा दाबायचो. अक्षरं जुळी जन्माला यायची. मग ती खोडत बसायचं.

त्यातच एका जुन्या विद्यार्थ्याला त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना संध्याकाळपर्यंत हवी होती. नाहीतर ती आमच्याच विभागातल्या एका गृहस्थांकडे जाणार होती. (नुसती पोपटपंची! अर्थात, हे माझं मत.)

"अहो, परत खोडलंत ना?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज.

"तुला कसं कळलं?"

"ते खोडायचं मोठं बटण वेगळं वाजतं. सकाळपासून जरा टिकटिक, की लगेच धाडधाड! शेजारीण विचारत होती, घरात सुतार लावलाय का?"

माझी विद्वत्ता आजवर या घरातही कुणाला ऐकू गेली नव्हती. माझा गोंधळ मात्र भिंतीपलीकडे पोचला होता! मी इरेला पेटलो. आता खोडणं बंद. वाक्य फसलं की पुढे कंसात तसं लिहायचं आणि शेवटी एकदाच सगळं साफ करायचं. आणि काय सांगू, बोटं धावायला लागली, तीही अर्ध्या दाबावर!

"गेला वाटतं सुतार," बायको म्हणाली.

त्या कौतुकाने मी इतका हुरळलो, की साफसफाई न करताच मजकूर पाठवून दिला. हे लक्षात आलं ते उशिरा. घाईघाईने विद्यार्थ्याला फोन लावला.

"अरे, तो कच्चा मजकूर आहे! छापू नकोस!"

"छापायला गेलासुद्धा, सर. तुमचे कंस तसेच ठेवलेत."

"कंस? देवा!"

"'हे वाक्य माझे मलाच कळले नाही,' हा तर सगळ्यांना फार आवडला." मग हळूच म्हणाला, "वर्गात आमचंही हेच म्हणणं असायचं, सर. पण तुम्ही कधी मान्य केलं नाहीत."